गामा गोट ही ट्रॉली नव्हे

उसाच्या फडातून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बाहेर पडताना कोल्हापुरात कुणी बघितला नाही? ओल्या रानात ट्रॉली रुतते, ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उठतात आणि मग दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडावा लागतो. म्हणूनच अमेरिकी लष्कराच्या ‘एम ५६१ गामा गोट’चा फोटो दाखवला की इथला माणूस लगेच म्हणतो, ‘ही तर ट्रॉलीच!’

दिसायला ही गाडी तशीच, सांध्यानं जोडलेले पुढचा-मागचा असे दोन तुकडे. पण ट्रॉलीची चाकं नुसती ओढली जातात. गामा गोटमध्ये इंजिनाची ताकद सांध्यातून मागच्या तुकड्यापर्यंत जाते आणि सहाही चाकं रेटा देतात. मागचं ओझं इथं स्वतःही ढकलतं.

सांधा आहे म्हणजे गाडी तिथंच वाकून वळत असेल, हा दुसरा समज. तोही चुकीचा. दोन मुठी एकमेकींना टेकवा आणि एकच पिळा: हा सांधा तसा पिळतो, शिवाय वर-खाली वाकतो, डावी-उजवीकडे मात्र नाही. पुढचं एक चाक बांधावर चढलं तर पुढचा तुकडा कलतो, मागचा सपाटच राहतो, आणि एकही चाक अधांतरी लटकत नाही. मला या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. वळताना पुढची चाकं एकीकडे फिरतात, सगळ्यात मागची उलट दिशेला. सांध्यातूनच वळणारी गाडी हवी असेल तर ‘बीव्हीएस १०’ बघा. पट्ट्यांवर चालणाऱ्या या गाडीची ‘सिंधू’ ही आवृत्ती भारतीय लष्करासाठी एल अँड टी बनवणार, असं २०२५ मध्ये जाहीर झालं.

‘पाण्यात तरंगते, मग महापुरात चालली असती.’ नसती. ती तरंगायची ती संथ पाण्यात, चाकं फिरवत, हळूहळू. २०१९ साली चिखली-आंबेवाडीला पंचगंगेनं वेढलं, तेव्हा माणसं बाहेर काढली ती बोटींनी. तसल्या ओढीत या गाडीचा निभाव लागला नसता.

आणि अमेरिकी लष्करानं ती सोडली ती चिखलात हरली म्हणून नव्हे. १९६८ ते १९७३ या काळात अशा १४ हजारांवर गाड्या बनल्या, आणि खराब रानात त्या पटाईत होत्या. नडली ती किचकट देखभाल, आणि आवाज. तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन सीटच्या अगदी पाठीमागं धडधडायचं. ड्रायव्हरला कान झाकूनच बसावं लागे.