नम्रता आणि क्रोध : कावेरीकाठच्या ख्रिस्ती परंपरेतील एक पेच

कुंभकोणम हे कावेरीच्या खोऱ्यातील मंदिरांचे नगर. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम पर्वामुळे ते सर्वत्र परिचित आहे. या परिसराचा ख्रिस्ती धर्माशी असलेला संबंधही जुना असून १८९९ मध्ये येथे स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. मराठीच्या अभ्यासकाला हा प्रदेश आणखी एका कारणाने जवळचा आहे. कुंभकोणम ज्या तंजावर राज्यात होते, त्या राज्यावर १७९९ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती. त्यानंतरही सरफोजी दुसरे यांच्या दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत विद्येला आश्रय मिळत राहिला. क्रोध आणि द्वेष यांवर नम्रतेने विजय मिळवावा, या ख्रिस्ती शिकवणीची एक कसोटी याच परिसरात लागलेली दिसते.

‘नवा करार’ ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्या अभिजात परंपरेत ‘खालचेपणा’ हा गुण नसून हीनत्वाची खूण होती. शिष्यांचे पाय धुणाऱ्या ख्रिस्ताच्या कृतीने हे मूल्य उलटे केले. तमिळ भाषेत हा उलटापालटीचा प्रसंग शब्दातच साठवलेला आहे. नम्रतेसाठी तमिळ बायबलात ‘ताऴ्मै’ हा शब्द येतो. त्यातील ‘ताऴ्’ या धातूचा अर्थ खाली असणे, खाली येणे असा होतो, आणि ‘खालची जात’ या अर्थाचा शब्दही याच धातूपासून सिद्ध होतो. मराठीतील ‘नम्रता’ मात्र ‘वाकणे’ या क्रियेवरून आलेली आहे. वाकलेला मनुष्य पुन्हा ताठ उभा राहू शकतो. ‘ताऴ्’ मधील खालचेपणा हा समाजातील स्थानाशी जोडलेला आहे. म्हणूनच तमिळ ख्रिस्ती माणसाला नम्रतेचा उपदेश हा एकाच वेळी सद्गुणाचा आणि सामाजिक अवनतीचा ऐकू येण्याची शक्यता होती.

या पेचाचे ठळक उदाहरण म्हणजे वेदनायक शास्त्री (१७७४–१८६४). जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या छत्राखाली ते तंजावरला वाढले. सरफोजींवरही श्वार्ट्झ यांचाच संस्कार होता. ‘बेथलहेम कुरवंजी’ या काव्यात शास्त्रींनी एक लौकिक नाट्यप्रकार भक्तीसाठी वापरला. कुरवंजीत डोंगरी जमातीची भविष्य सांगणारी स्त्री, म्हणजे कुरत्ती, नायिकेला प्रियकराची वार्ता देते. शास्त्रींच्या काव्यात ही फिरस्ती स्त्री श्रद्धेचे रूप घेते. समाजाने खाली लेखलेल्या स्त्रीच्या मुखाने त्यांनी तारणाची वार्ता वदवली.

परंतु १८२० नंतर नव्या मिशनऱ्यांनी उपासनेच्या वेळी वेल्लाळ आणि तथाकथित अस्पृश्य जातींतील ख्रिस्ती यांच्या वेगळ्या बैठका मोडू पाहिल्या, तेव्हा हेच वेल्लाळ कवी संतप्त झाले. त्यांच्या तक्रारी केवळ जातीपुरत्या नव्हत्या. बायबलाच्या रूढ तमिळ भाषांतरात केलेले बदल, सणातील फुलांना आणि उपासनेतील संगीताला झालेला विरोध हेही त्यांना जाचक वाटले. सत्ता असलेल्याने सत्ता नसलेल्याला नम्रता शिकवावी यात अन्याय असतो, ही त्यांच्या क्रोधाची न्याय्य बाजू होय. मात्र त्याच न्यायाने, वेल्लाळांनी आपल्या शेजाऱ्याला दूर बसवणे हेही सत्तेचेच वर्तन होते. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद पाळू नये असा आदेश काढला, तेव्हा तंजावरच्या मंडळीत मोठी फूट पडली. आदेशाने बैठक बदलता आली, तरी मने बदलली नाहीत.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा संसार उद्ध्वस्त झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, परंतु आपला धर्म आणि विटाळाची कल्पना घेऊनच. उच्चनीचता देवाने केली की माणसाने, या प्रश्नाने त्यांना ग्रासले. अखेर सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. १९०० मध्ये झालेला त्यांचा बाप्तिस्मा हा या निश्चयानंतरचा टप्पा आहे. येथे नम्रता आदेशाने आली नाही. ती आतून आली आणि पाण्याच्या पेल्यापर्यंत पोचली. टिळकांच्या कोपिष्टपणाच्या आठवणीही त्या आकस न ठेवता, स्वतःलाही हसत सांगतात.

टिळक स्वतःला तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेले मानीत. वारकऱ्यांनी परस्परांच्या पायांवर मस्तक ठेवण्याच्या प्रथेत नम्रता परस्परांची असते. कोणी एकच वाकत नाही. तरीही पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना १९४७ पर्यंत बंद होते, हे विसरता येत नाही. तात्पर्य, ईश्वरापुढील नम्रता उत्कट काव्य निर्माण करू शकते, परंतु ती शेजाऱ्यापुढे आली नाही तर द्वेष अबाधित राहतो. वेदनायक शास्त्रींची कुरत्ती काव्यात त्यांची गुरू झाली. चर्चच्या चटईवर तिला जागा देणे मात्र त्यांना अवघड गेले.