चिंच, आवळा आणि दसऱ्याचे सोने

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात महंमद गौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी संगीतसम्राट तानसेन यांची साधी कबर आहे. तिच्याजवळच्या चिंचेचा पाला चावून खाल्ला असता गळा गोड होतो, अशी समजूत गाणाऱ्यांत फार दिवसांपासून चालत आली आहे. ती कितपत खरी, हे गाणाऱ्यांनीच सांगावे. आम्हांस त्या पाल्याकडे निराळ्याच दृष्टीने पाहावयाचे आहे. झाडांची नातीगोती ओळखावीत कशी, या वनस्पतिशास्त्रातील मोठ्या प्रश्नाचा पहिला धडा तो पाला आपणांस देतो.

एका हाती चिंचेची व दुसऱ्या हाती आवळ्याची डहाळी घेऊन पाहावे. दोहींवर बारीक, लांबट पाने दोन ओळींत दाटीने बसलेली दिसतात. ही झाडे सख्खी भावंडे असावीत, असे कोणासही वाटेल. परंतु पाने जेथून फुटतात ती जागा नीट न्याहाळली, तर हा समज टिकत नाही. पूर्ण पानाची एक खूण अशी की, त्याच्या बगलेत, म्हणजे देठ व फांदी यांमधील कोनात, कळी असते. तीतूनच पुढे फूल किंवा नवी फांदी येते. आवळा वसंतात फुलतो, तेव्हा त्याची हिरवट-पिवळी फुले या चिमुकल्या पानांच्या बगलांतच येतात. म्हणजे आवळ्याचे ते प्रत्येक बारीक पान हे पूर्ण पान आहे, आणि ज्या काडीवर ते बसले आहे ती फांदी आहे. चिंचेच्या बारीक पानांच्या बगला मात्र रित्या असतात. कळी आढळते ती सगळ्या काडीच्या तळाशी. तेव्हा ती काडी व तिच्यावरील पाने मिळून एकच संयुक्त पान होते, आणि ज्यांना आपण पाने म्हणतो त्या केवळ पर्णिका ठरतात.

फळेही हेच सांगतात. आवळ्याच्या आठळीत तीन कप्पे असतात. चिंचेच्या फळात कप्पा एकच, आणि चिंचोके एकाच कडेस ओळीने लागलेले असतात. जणू एखादे पान मध्यभागी दुमडून त्याच्या कडा जुळवाव्या, तशी ही रचना आहे. आता घरातील हरभऱ्याचा घाटा किंवा तुरीची शेंग उकलून पाहा, रचना तीच! आपण दसऱ्यास ज्याची पाने सोने म्हणून वाटतो, तो आपटा घ्या. ग्वाल्हेरात मांढरे मातेच्या मंदिराजवळ शिंदे घराण्याकडून दसऱ्यास जिचे पूजन होते आणि जिची पाने लोक सोने म्हणून नेतात, ती शमी घ्या. दोघांच्याही शेंगांचा घाट हाच. हरभरा वीतभर रोप, चिंच डेरेदार वृक्ष, शमी काटेरी आणि आपट्याचे पान जोडपानासारखे. रूपाने एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तरीही हे सारे एकाच शिंबावंत कुलातील आहेत. या कुलात सुमारे 19,500 जाती गणल्या जातात. चिंचेसारखा दिसणारा आवळा मात्र या कुलाबाहेरचा.

हे नाते विद्वानांस एकदम उमगले असे नाही. स्वीडनचे लिनीयस यांनी 1753 साली चिंचेस शास्त्रीय नाव दिले. त्यांची पद्धत मुख्यतः पुंकेसर मोजण्याची होती. चिंचेच्या फुलात पूर्ण वाढलेले पुंकेसर तीन, गव्हाच्या फुलातही तीन; म्हणून त्यांनी चिंच आणि गहू एकाच वर्गात घातले! हरभऱ्याचे पुंकेसर दहा, त्यांतील नऊ जुळलेले व एक सुटा. म्हणून तो निराळ्या वर्गात गेला. मोजणी चुकली नव्हती, पण तीवरून नाते कळत नव्हते.

1859 साली डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नात्याचा खरा अर्थ स्पष्ट झाला. समान पूर्वजापासून झालेली वंशवृद्धी, हेच ते नाते. चिंचेच्या फुलात तीन पिवळसर, लाल रेषांच्या पाकळ्या दिसतात. परंतु भिंगातून पाहिल्यास आणखी दोन पाकळ्या खुरटून केसाएवढ्या उरलेल्या आढळतात. तीन पुंकेसरांजवळही वांझ पुंकेसरांचे बारीक अवशेष असतात. कधीकाळी पाच पाकळ्या व अधिक पुंकेसर असलेल्या पूर्वजाचीच ही आठवण होय. लिनीयस यांनी जे तीन मोजले, त्यांच्या शेजारीच खरे उत्तर दडलेले होते.

हे संशोधन अद्याप संपलेले नाही. पुढे फुलांच्या घडणीवरून या कुलाचे तीन विभाग मानले जाऊ लागले. त्यांत चिंच, आपटा व बहावा एकत्र असत आणि शमी वेगळी असे. पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासता येऊ लागल्यावर, 2017 साली, अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून सहा उपकुलांची नवी मांडणी केली. तीत चिंच एका उपकुलात व आपटा दुसऱ्या उपकुलात गेला. बहावा तर शमीच्या उपकुलात जाऊन बसला!

चिंचेच्या नावाचीही एक गंमत आहे. तिचे मूळ स्थान आफ्रिका. पण अरबांनी तिला 'हिंदी खजूर' म्हटले, आणि तोच शब्द शास्त्रीय नावात शिरला. नाव भारताचे, कूळ आफ्रिकेचे, आणि आमटी मात्र आपली!

विद्यार्थिमित्रांनो, नाव ऐकून किंवा रूप पाहून नाते ठरवू नये, हे ही झाडे शिकवितात. येत्या वसंतात आवळ्याची एक फुललेली काडी अवश्य पाहा. पानाच्या बगलेत फूल आहे की नाही, हे आमच्या सांगण्यावरून मानू नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवा.