चाळीस किलोंची सवलत आणि शंभर घनसेंमीचे इंजिन

शर्यतीच्या मोटारींचे नियम हा आपल्या विज्ञानाच्या तासाचा विषय नाही. पण त्यातला एक नियम असा आहे की नववी-दहावीच्या मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यावा.

1950 नंतरच्या दशकात इटलीतील तरुण चालकांना परवडेल अशी एका आसनाची, उघड्या चाकांची छोटी शर्यतीची गाडी नव्हती. (उघड्या चाकांची म्हणजे जिच्या चाकांवर मडगार्ड नाही अशी.) जोव्हान्नी लुरानी या इटालियन काउंटच्या पुढाकाराने 'फॉर्म्युला ज्युनिअर' हा वर्ग निघाला. 1958 मध्ये तो इटलीत सुरू झाला आणि 1959 पासून आंतरराष्ट्रीय झाला. इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारीचेच हवे, ही मुख्य अट. दुसरी अट वजनाची. इंजिन 1000 घनसेंमीपर्यंत असेल तर गाडी किमान 360 किलोंची हवी आणि 1100 घनसेंमीपर्यंत असेल तर किमान 400 किलोंची.

किमान वजन कशासाठी? ते नसेल तर श्रीमंत संघ महाग हलके धातू वापरतील, गरीब संघ पत्रा आणि नळ्या कातरून गाडी धोकादायक करतील. पण दोन वजने का, हा प्रश्न अधिक मजेचा आहे.

इंजिनाची शक्ती ढोबळमानाने त्याच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते असे धरू. 1100 भागिले 1000 म्हणजे 1.10. आता 400 भागिले 360 म्हणजे 1.11. शक्ती दहा टक्क्यांनी वाढली, वस्तुमान अकरा टक्क्यांनी. म्हणजे त्वरण जवळजवळ तेच! नियम करणाऱ्यांनी तराजू बरा धरला होता. पण गाडीत माणूसही बसतो. चालकाचे 70 किलो मिळवले की 470 भागिले 430, म्हणजे 1.09. पारडे किंचित मोठ्या इंजिनाकडे झुकते.

लांब सरळ रस्त्यावर ते आणखी झुकते. तिथे गाडी कमाल वेगाला पोचली की त्वरण शून्य, आणि लढाई मुख्यतः हवेच्या विरोधाशी. त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 1.10 चे घनमूळ 1.03. म्हणजे ताशी 200 किलोमीटर वेगाला साधारण 6 किलोमीटरचा फायदा.

वळणावर काय? पाठ्यपुस्तकातले घर्षणाचे सूत्र लावले तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान उडून जाते आणि हलकी-जड दोन्ही गाड्या सारख्याच वेगाने वळायला हव्यात. रबराचा टायर मात्र हे सूत्र तंतोतंत पाळत नाही. त्याच्यावरील भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच राहते. म्हणून वळणावळणांच्या रस्त्यावर हलकी गाडी बाजी मारू शकते. हुशार विद्यार्थी इथे हटकून वाद घालतात. तो घालू द्यावा.

पण 'शक्ती घनफळाच्या प्रमाणात' हे आपले गृहीतकच दुबळे आहे. खरा चमत्कार तिथेच झाला.

सुरुवातीच्या बहुतेक इटालियन गाड्यांत फियाट 1100 चे 1089 घनसेंमीचे इंजिन असे. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, आणि दट्ट्याची वरपासून खालपर्यंतची धाव, म्हणजे स्ट्रोक, 75 मिलिमीटर. या घराण्याचे इंजिन आपल्या ओळखीचे आहे. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत तेच असे, आणि 2023 पर्यंत ते मुंबईच्या टॅक्सीत धडधडत होते. 1959 मध्ये इंग्लंडात फोर्ड अँग्लिया आली. तिचे इंजिन 997 घनसेंमी; व्यास सुमारे 81 आणि स्ट्रोक फक्त 48.4 मिलिमीटर. म्हणजे एकाचा लोटा उंच, दुसऱ्याचा डबा बसका.

दोन्ही इंजिने मिनिटाला 7500 फेरे, म्हणजे सेकंदाला 125 फेरे फिरवू. दर फेऱ्यात दट्ट्या एकदा खाली आणि एकदा वर जातो. फियाटच्या दट्ट्याचा सरासरी वेग येतो सेकंदाला 18.75 मीटर, फोर्डचा केवळ 12.1 मीटर. शिवाय प्रत्येक टोकाला दट्ट्याला थांबून उलटे फिरावे लागते. त्याचा ताण स्ट्रोकच्या आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून बसके इंजिन न मोडता अधिक फेरे घेऊ शकते. मोठ्या व्यासामुळे झडपाही मोठ्या बसतात आणि श्वास मोकळा होतो. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फेरे. लहान इंजिनाने मोठ्यावर मात केली ती या हिशेबाने.

मार्च 1960 मध्ये गुडवुडच्या शर्यतीत जिम क्लार्कने इंजिन मागे बसवलेल्या लोटस 18 मध्ये कॉसवर्थने सुधारलेले फोर्ड इंजिन घेऊन पहिला क्रमांक मिळवला. मोटारसायकलचा विश्वविजेता जॉन सर्टीझ कूपरमधून दुसरा आला. इंजिन मागे असले की चालकाच्या खालून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा लागत नाही. वजन वाचते, चालक खाली बसतो आणि गाडीचा हवेला सामोरा जाणारा भाग लहान होतो. इंजिन पुढे असलेल्या इटालियन गाड्या त्यांच्याच वर्गात मागे पडल्या.

पुढे याच फोर्ड इंजिनाचा व्यास 85 मिलिमीटरपर्यंत वाढवून, स्ट्रोक तोच ठेवून, 1098 घनसेंमी करण्यात आले. तेव्हा चाळीस किलो जास्त वाहूनही तेच परवडू लागले. हे घनफळ मुलांनी स्वतः काढून पाहावे. चार सिलिंडर आहेत हे विसरू नये. 1963 अखेर फॉर्म्युला ज्युनिअर बंद झाला. तोवर 'स्वस्त' गाडीतले इंजिन मूळ दुकानी इंजिनापेक्षा कितीतरी महाग झाले होते.