वासुदेव बळवंत फडके शिकवायचेत, तेही शिरढोणमध्ये! मग खडू घ्यायचा की स्मार्ट टीव्ही लावायचा?

आठवीच्या इतिहासात आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके भेटतात. ते पनवेलजवळच्या शिरढोणचे. आता समजा, हाच धडा शिरढोणच्या पोरांना शिकवायचाय. वर्गात फळा आहे आणि स्मार्ट टीव्हीसुद्धा आहे. सरांनी काय वापरावं?

सोपं उत्तर म्हणजे फडके वाड्याचा व्हिडिओ लावायचा. पण इथे तेच चुकेल, कारण वाडा गावातच आहे. 4 नोव्हेंबर 1845 ला फडके जन्मले त्या जागी मुलं स्वतः जाऊ शकतात. कर्नाळा किल्लाही जवळच, फडक्यांचे आजोबा तिथले किल्लेदार. नांदेडच्या वर्गात मात्र तोच व्हिडिओ सोन्यासारखा.

गोष्ट पुढे सरकली की गणित बदलतं. 1879 मध्ये फडके पकडले गेले, जन्मठेप झाली आणि त्यांना एडनच्या तुरुंगात पाठवलं. एडन कुठं आहे? भिंतीवरच्या नकाशात तो नुसता ठिपका. इथे स्क्रीन कामाला येते. शिरढोणपासून नकाशा सरकवत नेला की अख्खा अरबी समुद्र ओलांडावा लागतो, मग कुठे येमेनचा किनारा दिसतो. 1880 मध्ये फडके त्या तुरुंगातून निसटले, पण लवकरच पुन्हा सापडले. 17 फेब्रुवारी 1883 ला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. पळून ते जाणार तरी कुठे होते, हा प्रश्न नकाशा बघून मुलांनाच पडतो.

आणि सनावळी? ती खडूनेच. व्हिडिओतली टाइमलाइन सरकून जाते. फळ्यावरची रेषा तास संपेपर्यंत समोर राहते आणि वहीत उतरवायला वेळ देते.

हाताने लिहिण्याबद्दल नॉर्वेतल्या संशोधकांनी 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. टायपिंगपेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संपर्क जास्त दिसला. विद्यार्थी फक्त 36 आणि तेही कॉलेजच्या वयाचे, त्यामुळे लगेच टॅब फेकून द्यायला नको. गंमत म्हणजे ही मंडळी कागदावर नाही, तर डिजिटल पेनने टचस्क्रीनवर लिहीत होती. म्हणजे प्रश्न कागद की काच हा नसून हात काय करतोय हा आहे.

आपल्याकडे रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, तो सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या कामासाठी. त्यांचे क्यूआर कोड गाजले. पण ते कोड पुस्तकाच्या पानांवरच होते, हे बातम्यांच्या गर्दीत हरवलं. पुस्तक हातातून गेलं नव्हतं, त्याला एक खिडकी मिळाली होती.

अडचण शाळा सुटल्यावर सुरू होते. असर 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला होता, तर 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. (आपण हे कुठे वाचतोय, ते सोडा.) त्यात घरात फोन एकच असेल, तर तो दिवसभर वडिलांसोबत कामावर असतो. म्हणून 'घरी कोड स्कॅन करून बघा' असं सांगायच्या आधी सरांनी एकदा विचारून घ्यावं, की संध्याकाळी कुणाकुणाच्या घरी फोन असतो.