‘जरा ऊन लागलंय’ की अंगातलं पाणी संपतंय? ही लक्षणं वेळीच ओळखा

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्यात दर सोमवारी बाजार भरतो. एप्रिल-मेच्या उन्हातही बैलांचे सौदे चालू असतात. समजा, अशाच बाजारातून परतलेले आजोबा ‘काही नाही, जरा ऊन लागलंय’ म्हणत आडवे झाले. घरच्यांनीही त्यांना झोपू दिलं. खरा धोका इथेच असतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम भर उन्हात झाला. त्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. उष्माघात आणि अंगातलं पाणी कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिल्याला दुसरीची साथ मिळाली की प्रकृती झपाट्याने ढासळते.

शरीरात नेमकं काय होतं?

घाम, जुलाब, उलट्या किंवा रक्तस्रावामुळे शरीरातलं पाणी आणि क्षार जातात आणि रक्ताचं प्रमाण घटतं. मग हृदय जोरात धडधडतं. हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करून शरीर मेंदू आणि हृदय सांभाळतं. या धडपडीमुळे बीपी काही काळ नॉर्मल दिसू शकतं. म्हणून ‘बीपी ठीक आहे ना, मग काळजी नाही’ असं समजू नका. लहान मुलांमध्ये तर बीपी बऱ्याचदा अगदी शेवटी घसरतं.

सुरुवातीची लक्षणं

- खूप तहान लागणं, तोंड आणि जीभ कोरडी पडणं
- लघवी कमी आणि गडद पिवळी होणं
- उभं राहताना चक्कर येणं
- डोळे खोल जाणं, चिडचिड
- पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसणं

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा शुद्ध हरपणं
- पाणी पिता न येणं, सतत उलट्या
- हातपाय थंड, नाडी जलद आणि क्षीण
- सहा ते आठ तास लघवी न होणं
- शौचातून किंवा उलटीतून रक्त, काळी शी
- बाळ रडताना अश्रू न येणं, टाळू खोल जाणं

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते. त्यांची त्वचा आधीच सैल असल्याने चिमटीची चाचणी फसवी ठरते. त्यांची जीभ बघा, लघवी कधी झाली ते विचारा, बोलण्यात फरक पडलाय का ते पाहा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्त जपा.

घरी काय करायचं?

रुग्ण शुद्धीत असेल तर ओआरएस द्या. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला, अर्धं-मुर्धं नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे चहाचे चमचे धरा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट-घोट पाजा. चहा आणि कोल्ड्रिंक हा उपाय नव्हे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात मात्र काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पाकीट घेताना लेबल वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

साखर-मिठाच्या या साध्या पाण्याची ताकद १९७१ मध्ये दिसली. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं.

पण धोक्याची लक्षणं दिसली की घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत झोपवा. अंग तापलं असेल तर ओल्या फडक्याने पुसत राहा. आजोबा ‘मला काही झालं नाही’ म्हणाले, तरी शेवटची लघवी कधी झाली हे एकदा विचाराच.