मरहूमांच्या कपड्यांची गोधडी : शिलाईआधीचा हिशोब

आमची दादी वारली तेव्हा तिच्या पेटीत अकरा साड्या, चार ओढण्या आणि दादांची एक चौकड्याची लुंगी निघाली. मागे राहिलेले कपडे गरिबांना द्यावेत हा घरचा रिवाज. त्याप्रमाणे धड साड्या देऊन टाकल्या. उरलेल्या जीर्ण कपड्यांची गोधडी करावी असे अम्मीने सुचवले आणि आम्ही गठ्ठा बांधून मोहल्ल्यातल्या एका कारागिराकडे टाकला. फुफींना कोणी विचारलेच नाही. त्या मुंब्र्याहून आल्या तोवर दादीच्या निकाहातली जांभळी इरकल अकरा इंची चौकोनांत कापून झाली होती. फुफी भांडल्या नाहीत. चौकोन मांडीवर घेऊन काठाला काठ जुळवत बसल्या. पुढे दोन ईदी त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

चूक घरची होती, कारागिराची नव्हती. पण त्याने कात्री लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारला असता तर ती टळली असती. शिवणकाम करणाऱ्या आमच्या बांधवांकडे व भगिनींकडे अशी कामे येतात, म्हणून हे लिहीत आहोत.

जुन्या कपड्यांची गोधडी आपल्याला नवी नाही. आई-आजीच्या लुगड्यांचे थर लावून धावदोरा घालणे हे महाराष्ट्रात घरोघरचे काम. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायका, ज्यांत मुस्लिम कुटुंबेही आहेत, जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून टाके घालत मध्याकडे यायचे आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावायची. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते.

मरहूमांच्या कपड्यांचे काम मात्र निराळे, कारण त्याचा मालक एक नसतो. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वसीयत भागल्यावर जे उरते ते सर्व वारसांचे. त्यात जमीन येते तशी पेटीतली साडीही येते. वारसांत कोणी नाबालिग असेल तर त्याचा हिस्सा मोठ्यांनी परस्पर देऊन टाकता येत नाही. तेव्हा गठ्ठा आणणाऱ्याला सरळ विचारावे : भावंडांना माहीत आहे का? मुलगा आखातात असेल तर त्याला मोबाईलवर कपड्यांचे फोटो पाठवायला सांगावे आणि होकार येईपर्यंत गठ्ठा बांधलेलाच ठेवावा. गिऱ्हाईक कंटाळेल, कदाचित दुसरीकडे जाईल. जाऊ द्यावे.

दुसरा प्रश्न धुण्याचा. व्यवहाराने पाहिले तर कापड आधी धुवावे, नाहीतर सुती तुकडे नंतर आटतात आणि गोधडी सुरकुतते. पण काहींना त्या कपड्यांचा वासच हवा असतो. एकदा धुतला की तो परत आणता येत नाही; म्हणून विचारून धुवावे. रंग कच्चा आहे का हे पाहायला ओले पांढरे फडके ठेवून वरून इस्तरी दाबावी, फडके रंगले तर तो तुकडा बाजूला काढावा. विरलेल्या कापडाला मागून मलमल लावावी. जॉर्जेटची ओढणी सुतीबरोबर घेतली तर सरकते, आणि नायलॉन असेल तर तापलेल्या इस्तरीने चिकटते. आयत किंवा कलमा छापलेले कापड अंथरुण-पांघरुणात घालू नये, ते तसेच परत करावे.

आता मजुरीकडे येऊ. आमचे कारागीर इथेच फसतात. कापड गिऱ्हाइकाचे, म्हणून ते नुसती जोडणी धरून दर सांगतात. एका माणसाची गोधडी ५ फूट रुंद, साडेसात फूट लांब धरा. शिवून १० इंच राहणारे चौकोन ५४ लागतात. शिवणीसाठी ते ११ इंचांचे बेतायचे. साडीतून ते सहज निघतात, पण कुर्त्याच्या पाठीतून फार तर सहा, म्हणून आधी मोजूनच हो म्हणावे. जोडल्यावर अस्तर लावून एकेक इंचावर हाताचा धावदोरा घातला तर ५ फुटांच्या ९० ओळी, म्हणजे ४५० फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर २१,६०० टाके होतात. घरातल्या बाईने दुपारी बसून घातले म्हणून ते फुकटचे ठरत नाहीत. एक ओळ घालून घड्याळ पाहावे, ९० ने गुणावे आणि मग दर सांगावा. सांगायला संकोच वाटतो, समोरचा दुःखात असतो. पण मध्येच दर वाढवणे त्याहून वाईट.

उरलेले सगळे, चिंध्या आणि बटणेसुद्धा, पिशवीत घालून परत करावे. आमच्या कारागिराने एवढे केले होते. त्या इरकलीचा लाल पदर त्याने कापला नव्हता. तो आता फुफींच्या पेटीत आहे.