एप्रिलमधील बेसबॉल आणि चाहत्यांचे निदान

हंगामाची लांबी

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. आठवड्यातून सहा सामने ही तेथील नेहमीची गती. आयपीएलच्या साखळी फेरीत एका संघाला १४ सामने मिळतात. म्हणजे आयपीएलच्या एका सामन्याचे वजन बेसबॉलच्या साधारण साडेअकरा सामन्यांइतके भरते. दुसरा फरक यशाच्या पल्ल्याचा. १०० सामने जिंकणारा संघ उत्कृष्ट मानला जातो, पण तोही ६२ वेळा हरलेला असतो; १०० सामने हरणारा संघ सुमार ठरतो, पण तोही ६२ वेळा जिंकतो. उत्तम आणि सुमार यांच्यातील हे अंतर शेकडा पंचवीसच्या आतबाहेरचे आहे आणि ते स्पष्ट होण्यास बरेच सामने लागतात. एप्रिल संपतो तेव्हा सुमारे तीसच सामने झालेले असतात. चाहत्यांची मते मात्र तोवर पक्की झालेली असतात.

मतांचे तीन प्रकार

हंगामाच्या आरंभी व्यक्त होणाऱ्या मतांची ढोबळ विभागणी तीन गटांत करता येते. पहिला गट निकालावर आधारलेला: संघाचे यंदा काही खरे नाही, मॅनेजर बदला. दुसरा खेळाडूच्या आकड्यांवर: अमक्याची फलंदाजी सरासरी ०.२०० च्या खाली गेली, तो संपला. तिसरा गट खेळ कसा होतो आहे यावर: चेंडू टाकणाऱ्या पिचरचा वेग घटला आहे, बुलपेनच्या, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या बदली पिचरांच्या, हाती आघाडी टिकत नाही, शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाच्या जागी योग्य माणूस नाही. पहिल्या दोन गटांतील मते मोठ्या आवाजात मांडली जातात आणि वारंवार चुकतात. तिसऱ्या गटातील मते पुष्कळदा बरोबर ठरतात, कारण रोज सामना पाहणाऱ्या चाहत्याचे निरीक्षण सूक्ष्म असते. त्याच्या उतावीळपणाची चर्चा फार होते. निरीक्षणाला तेवढे श्रेय मिळत नाही.

वॉशिंग्टन नॅशनल्स, २०१९

हा भेद एकाच संघात पाहायचा तर २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. त्या वर्षी हंगामाआधीच त्यांचा सर्वांत लोकप्रिय फलंदाज ब्राइस हार्पर १३ वर्षांचा, ३३ कोटी डॉलरचा करार करून त्याच विभागातील फिलाडेल्फियाकडे गेला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शॉर्टस्टॉप ट्रे टर्नरचे बोट मोडले आणि तो मेच्या मध्यापर्यंत बाहेर राहिला. अँथनी रेंडन आणि हुआन सोतो हेही काही काळ दुखापतींमुळे बाहेर होते. मेच्या आरंभी संघाने पिचिंग प्रशिक्षक डेरेक लिलिक्विस्ट यांना काढले. २३ मे रोजी न्यूयॉर्क मेट्सविरुद्धची मालिका संपली तेव्हा ५० सामन्यांत १९ विजय आणि ३१ पराभव अशी स्थिती होती. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना हटवावे, ही मागणी जोरात होती.

पुढील ११२ सामन्यांत हाच संघ ७४ जिंकला. एकूण ९३ विजयांसह तो बाद फेरीत पोहोचला. तेथे मिलवॉकीला एका सामन्यात, त्या हंगामात १०६ सामने जिंकलेल्या डॉजर्सना पाच सामन्यांत आणि सेंट लुइसला सलग चार सामन्यांत त्याने हरवले. अंतिम मालिकेत १०७ विजयांचे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज सातव्या सामन्यात, ३० ऑक्टोबरला पराभूत झाले. १९६९ साली माँट्रियल एक्स्पोज म्हणून सुरू झालेल्या आणि २००५ साली वॉशिंग्टनला आलेल्या या संघाचे ते पहिले जगज्जेतेपद होते. मॅनेजर तेच होते.

इथपर्यंतची कथा चाहत्यांच्या अधीरतेविरुद्ध जाते आणि बहुधा तेवढीच सांगितली जाते. दुसरी बाजू अधिक बोधक आहे. मे महिन्यात चाहत्यांची दुसरी तक्रार बुलपेनविषयी होती, आणि ती शेवटपर्यंत खरी राहिली. त्या वर्षी मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगमधील सर्वांत कमकुवत बुलपेन याच संघाचे होते. व्यवस्थापनानेही ते मान्य केले. जुलैअखेर अदलाबदलीची मुदत संपण्यापूर्वी डॅनियल हडसनसह तीन बदली पिचर आणले गेले. अंतिम सामन्याचा शेवटचा बळी हडसननेच घेतला. ऑक्टोबरमध्ये मार्टिनेझ यांनी उरलेल्या बदली पिचरांना शक्य तितके टाळून स्ट्रासबर्ग आणि कॉर्बिन या सुरुवातीच्या पिचरांना मधल्या डावांत उतरवले. दुबळेपणा गेला नव्हता, त्याला वळसा घालण्यात आला होता. मॅनेजरविषयीचे मत निकालातून आले होते, बुलपेनविषयीचे निरीक्षणातून. एक चुकले आणि दुसरे टिकले, हा योगायोग नव्हता.

योगायोगाचा वाटा

निकालावरील मते का चुकतात, हे साध्या गणिताने समजते. ज्याची जिंकण्याची शक्यता प्रत्येक सामन्यात नेमकी निम्मी आहे, असा संघ कल्पावा. त्याचे २५ सामने म्हणजे २५ वेळा उडवलेले नाणे. अशा संघाचे विजय १० ते १५ यांच्या दरम्यान राहण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के येते. म्हणजे असे ३० संघ एकाच वेळी खेळत असतील, तर त्यांपैकी सुमारे सात संघ या पट्ट्याबाहेर जातील. काहींची सुरुवात १७-८ अशी दिमाखदार असेल, काहींची ८-१७ अशी लाजिरवाणी. त्या सातांपैकी कोणीही इतरांहून चांगला किंवा वाईट नसेल. खऱ्या लीगमध्ये संघ समान नसतात, हे खरे. पण गुणवत्तेतील फरक आणि योगायोगाचा गोंगाट पहिल्या महिन्यात जवळजवळ एकाच मापाचे असतात. २०१८ साली न्यूयॉर्क मेट्सने पहिल्या १२ पैकी ११ सामने जिंकले आणि हंगाम ७७-८५ वर संपवला.

फलंदाजाची सरासरी

बेसबॉलमधील फलंदाजी सरासरी म्हणजे एकूण फटकेबाजीच्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका बसला, याचे प्रमाण. ०.३०० म्हणजे उत्तम, ०.२५० म्हणजे मध्यम. नियमित खेळणाऱ्या फलंदाजाला एप्रिलअखेरीपर्यंत शंभरच्या आसपास संधी मिळतात. म्हणजे उत्तम आणि मध्यम यांच्यात त्या वेळी फक्त पाच फटक्यांचे अंतर असते. पाच चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात गेले की दोन पावले बाजूने गेले, एवढ्यावर संपूर्ण महिन्याची प्रतिष्ठा ठरते. ०.२७० या खऱ्या क्षमतेच्या फलंदाजाचा शंभर संधींतील आकडा निव्वळ योगायोगाने ०.२२६ ते ०.३१४ या पट्ट्यात कोठेही सहज असू शकतो.

बदली पिचरचा आकडा

पिचरचे मोजमाप ‘ईआरए’ने होते: दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर किती धावा पडल्या. बदली पिचर एका वेळी बहुधा एकच डाव टाकतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात त्याचे दहा-अकरा डावच होतात. दहा डावांत दोन धावा दिल्या तर ईआरए १.८० येतो. अकराव्या डावात एका वाईट रात्री पाच धावा गेल्या, की तोच आकडा ५.७३ होतो. आकडा एका रात्रीत तिपटीहून अधिक वाढला, तरी पिचर बदललेला नसतो. इथे चाहत्याचा डोळा आकड्याहून विश्वसनीय आहे: चेंडू हवे तेथे पडतो आहे का, फलंदाज फसतो आहे का, हे मैदानावर दिसते.

लवकर स्थिरावणारी मापे

सर्व आकडे सारखेच उशिरा बोलतात असे नाही. मध्ये क्षेत्ररक्षक आणि नशीब जितके कमी येतात, तितके माप लवकर स्थिर होते. स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न टोलवताच फलंदाज बाद होणे, हा फक्त पिचर आणि फलंदाज यांच्यातील व्यवहार. चेंडू मैदानात जातच नाही. रसेल कार्लटन या विश्लेषकाच्या अभ्यासानुसार फलंदाजाचे स्ट्राइकआउट होण्याचे प्रमाण फलंदाजीच्या सुमारे ६० खेपांत, म्हणजे पंधरा सामन्यांत, बऱ्यापैकी भरवशाचे होते. नियत कक्षेबाहेरच्या चार चेंडूंमुळे फुकट बेस मिळण्याचे, म्हणजे वॉकचे, प्रमाण सुमारे १२० खेपांत स्थिरावते. फलंदाजी सरासरीला मात्र ९०० हून अधिक संधी लागतात, ज्या एका पूर्ण हंगामातही मिळत नाहीत. म्हणून ज्या मापावर सर्वाधिक वाद होतात, तेच सर्वांत उशिरा विश्वासार्ह होते.

२०१५ पासून सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा बसली आहे. ती प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि बॅटवरून निघतानाची गती नोंदवते. बॅटवरून ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वेगाने निघालेला फटका ‘जोरदार’ गणला जातो. सरासरी घसरलेली पण असे फटके नेहमीइतकेच मारणारा फलंदाज बहुधा सावरतो. याउलट पिचरचा वेग मागील वर्षापेक्षा ताशी दोन मैलांनी घटला असेल, तर ती खरी चिंता आहे. अनेकदा ती दुखापतीची पहिली खूण असते.

धावांचा फरक

संघाचे मोजमाप करण्यासाठी जय-पराजयापेक्षा केलेल्या आणि दिलेल्या धावा अधिक उपयोगी पडतात. बिल जेम्स यांचे सूत्र प्रसिद्ध आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. २५ सामन्यांत १२० धावा केल्या आणि १०० दिल्या, तर विजयाचे अपेक्षित प्रमाण ०.५९०, म्हणजे साधारण १५ विजय. प्रत्यक्षात दहाच मिळाले असतील, तर संघ एका-एका धावेने बरेच सामने हरला आहे, असा अर्थ निघतो. पण एखाद्या सामन्यातील पंधरा धावांचा विजय एप्रिलमध्ये हा हिशेबही फुगवतो.

थंडी आणि अपुरा सराव

फेब्रुवारीच्या मध्यापासून ॲरिझोना आणि फ्लोरिडाच्या उबेत सराव करून संघ उत्तरेकडील शहरांत परततात. थंड हवा दाट असते, चेंडू काही फूट अलीकडे पडतो आणि जुलैतला होमरन एप्रिलमध्ये झेल ठरतो. २००७ साली क्लीव्हलँडमध्ये इतका हिमवर्षाव झाला की संघाची एक घरची मालिका मिलवॉकीच्या बंद छताच्या मैदानावर खेळवावी लागली. पिचरांच्या खांद्यांवर टप्प्याटप्प्याने भार वाढवायचा असल्याने आरंभी त्यांना लवकर बाहेर काढले जाते. मधले डाव त्यामुळे बुलपेनकडे येतात. बुलपेनविषयीची ओरड एप्रिलमध्येच अधिक का ऐकू येते, याचे एक कारण हे आहे.

परतफेडीचा गैरसमज

‘अजून लवकर आहे’ हे सांत्वन एका अर्थाने बरोबर आणि एका अर्थाने फसवे आहे. वाईट सुरुवातीनंतर संघ आपल्या खऱ्या पातळीवर परततो, पण गमावलेले सामने त्याला कोणी परत देत नाही. १९-३१ वर असलेला नॅशनल्स संघ प्रत्यक्षात ५५ टक्के विजयांच्या पात्रतेचा होता असे मानले, तरी उरलेल्या ११२ सामन्यांतून त्याला सुमारे ६२ विजय मिळाले असते आणि एकूण ८१ वर हंगाम संपला असता. त्याने ७४ मिळवले, म्हणजे तो आपल्या पातळीहूनही वर खेळला. मेमधील चाहत्यांची निराशा म्हणूनच अवाजवी नव्हती. उलट बाजूने, १९८४ च्या डेट्रॉइट टायगर्सनी पहिल्या ४० पैकी ३५ सामने जिंकले. नंतर ते ६९-५३ असे चांगल्या पण साधारण गतीने खेळले, तरी एकूण १०४ विजय झाले आणि जगज्जेतेपद त्यांनाच मिळाले. त्यांची सुरुवातीची शिल्लक कोणी हिरावून घेतली नाही.

मॅनेजर बदलणे

१९८८ साली बाल्टिमोर ओरिओल्सने सहा पराभवांनंतर कॅल रिपकेन सीनियर यांना काढून फ्रँक रॉबिन्सन यांना आणले. त्यानंतर संघ आणखी १५ सामने सलग हरला. पहिला विजय २९ एप्रिलला, बाविसाव्या सामन्यात आला. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने २२-२९ वर असताना जो जिरार्डी यांच्या जागी रॉब थॉमसन यांना नेमले आणि तो संघ अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. एका उदाहरणावरून मॅनेजर बदलण्याच्या उपायाची बाजू घेणे किंवा तो नाकारणे, दोन्ही घाईचे होईल. पहिल्या संघाकडे खेळाडूच नव्हते, दुसऱ्याकडे ते होते.

मर्यादा

सर्व वाईट सुरुवाती योगायोगाच्या नसतात. २५ सामन्यांत फक्त तीन विजय हा आकडा निव्वळ दुर्दैवाने येत नाही. असा संघ खरोखर दुबळा असतो, एवढे एप्रिलमध्ये निश्चित सांगता येते. किती दुबळा, हे सांगता येत नाही. २०२२ मध्ये सिनसिनाटी रेड्स ३-२२ वर होते आणि २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सही ३-२२ वर होते. रेड्सने उरलेल्या १३७ सामन्यांपैकी ५९ जिंकले आणि १०० पराभवांवर हंगाम संपवला. व्हाइट सॉक्सने तेवढ्याच सामन्यांत ३८ जिंकले. त्यांचे १२१ पराभव हा १९०० नंतरचा एका हंगामातील उच्चांक आहे.